भिंगाला लावलेलं कुंकू

प्रोजेक्टरच्या भिंगाला मी एकदा कुंकू लावलं होतं. नुसतं टेकवलं नव्हतं; चांगलं ओलं करून, अंगठ्यानं दाबून, वर दोन अक्षता चिकटवून. आणि पुसायला गेल्यावर ते पसरलं, तेव्हा पितळी तांब्या घासावा तसं ते भिंग गोवरीच्या राखेनं घासलं होतं. गोल गोल, लख्ख होईपर्यंत. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. दोन लेकरांची आई होते. आणि बी.एड. करत होते, म्हणजे दुसऱ्यांच्या लेकरांना शहाणं करण्याचा परवाना काढायला निघाले होते.

हसा. मीही हसते. एवढा भाग मी हळदीकुंकवात, लग्नकार्यात, शाळेच्या सहलीत इतक्या वेळा सांगितला आहे की कुठं थांबलं की बायका तोंडाला पदर लावतात ते मला पाठ झालं आहे. पण दरवेळी मी राखेपाशीच थांबते. राखेच्या पुढं जे आहे ते हसण्यासारखं नाही, म्हणून ते सांगत नाही. यंदा नवरात्रात ते आपोआप वर आलं.

दसऱ्याच्या आधीचे हे दिवस आमच्याकडे लातूरला मोठे गमतीचे असतात. पाऊस गेलेला असतो, पण गेला असं म्हणायची कुणाची छाती होत नाही. ऊन असं चावतं की घरात पंखा लावावा आणि दारात छत्री ठेवावी. गावाकडे सोयाबीनची काढणी लागलेली असते. मळणीयंत्रातून उडालेला भुसा वाऱ्यावर बसून पार शहरापर्यंत येतो, दोरीवरच्या कपड्यांत शिरतो आणि मानेला बारीक खाज सुटते. सुनेला ती खाज सोसत नाही. मला तिच्यावाचून दसरा आल्यासारखा वाटत नाही.

खंडेनवमीला आम्ही घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडतो. विळी, अडकित्ता, मालकांचा जुना विळा, मुलाचा स्क्रू फिरवायचा पेचकस, सुनेची शिलाईची कात्री. यंदा माझी नात ओवी, वय वर्षं नऊ, शाळेतून मिळालेला टॅब घेऊन आली.

"आजी, ह्याला पण लावू का गं कुंकू?"

तिचं बोट वाटीत बुडालेलं होतं. मी तिचा हात असा धरला की वाटी कलंडली आणि पाटावर लाल पाणी झालं.

"लाव. पण पाठीमागं लाव."

"समोर का नको?"

"समोर त्याचा डोळा असतो. डोळ्यात कुंकू गेलं तर तुला आवडेल का?"

"पण आजी, तू एवढी का घाबरलीस?"

मी तिला म्हटलं, म्हातारी बाई आहे, घाबरते कधीकधी. मालक बाहेरच्या सोप्यावर बसून पेपर वाचत होते. त्यांनी पेपराच्या वरून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा पेपरात शिरले. चाळीस वर्षांचा संसार झाला की माणूस बोलत नाही, नुसता पेपर खाली-वर करतो.

आता ती एक्केचाळीस वर्षांची बाई कशी होती ते सांगते, म्हणजे तुम्हाला तिचा राग यायला सोपं जाईल. चाकूरच्या एका खासगी शाळेत ती अकरा वर्षं भूगोल शिकवत होती, तेही प्रशिक्षणावाचून. एक दिवस संस्थेनं बोलावून सांगितलं, बी.एड. करा, नाहीतर घर सांभाळा. घर ती सांभाळतच होती. म्हणून तिनं दुसरं निवडलं. मुलं सासूकडं ठेवली, नांदेडला कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली आणि बावीस-तेवीस वर्षांच्या पोरींबरोबर बाकावर जाऊन बसली. पोरी तिला काकू म्हणायच्या. तीही मग मनापासून काकू झाली. कुणाची वेणी सैल, कुणाचा दुपट्टा घसरलेला, कुणाला सांगून आलेलं स्थळ; सगळ्यांवर तिचं मत तयार. फळ्यावर हात न टेकवता ओळ सरळ कशी लिहायची ते तीच पोरींना शिकवायची. वर्गात खडू घेऊन उभी राहिली की सर मागच्या बाकावर बसून माना डोलवायचे.

आणि मग आठवड्यातून दोनदा यायची ती तंत्रज्ञानाची खोली. बाहेर चपला काढायच्या, आत निळे पडदे, जमिनीला फिनाइलचा वास, भिंतीवर दुधासारखा पांढरा मोठा फळा. खडू नाही, डस्टर नाही. समोरच्या टेबलावर प्रोजेक्टर, मखमली आवरणाखाली. ते आवरण मीच शिवून दिलं होतं, सोनेरी किनार लावून. उगाच नाही. जे आपल्याला येत नाही त्याला आधी नटवून ठेवायचं, ही माझी जुनी सवय आहे.

त्या खोलीत गेलं की मी पहिलीतली पोरगी व्हायची. माउस मी जात्याच्या खुंट्यासारखा मुठीत धरायची. तंत्रज्ञानाचे सूर्यवंशी सर वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे. ते लांबून "ताई, मनगट सैल, मनगट सैल" असं म्हणत राहायचे, आणि मनगट आणखी ताठ व्हायचं. मी केलेलं पहिलं सादरीकरण नद्यांवर होतं. त्यात प्रत्येक ओळ गिरक्या घेत यायची आणि प्रत्येक ओळीनंतर टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. तो आवाज यंत्रातच असतो हे मला नवीनच कळलं होतं, आणि एवढी फुकटची वाहवा सोडायची कशाला? अकरा ओळी, अकरा वेळा टाळ्या. शेवटी पोरीही टाळ्या पिटायला लागल्या. मी कमरेत वाकून नमस्कार केला. सरांनी तोंडावर रुमाल धरला होता. मला वाटलं, सर्दी झाली असेल.

पण खरं वैर होतं त्या पांढऱ्या फळ्याशी. त्याच्यावर बोटानं लिहिलं तरी उमटायचं. पण बोटच टेकलं पाहिजे असं त्याला काही नव्हतं. जे टेकेल ते उमटेल. माझ्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या. नकाशावर गोदावरी काढायला हात वर नेला, तर गोदावरीला नाशिकपासून नांदेडपर्यंत बारा जास्तीच्या उपनद्या फुटल्या.

सर म्हणाले, "ताई, पाठापुरत्या बांगड्या काढून ठेवा ना."

मी म्हणाले, "सर, मालक आहेत अजून."

वर्गात असा हशा पिकला की बाहेरून शिपाईसुद्धा डोकावून गेला. सरांचे कान लाल झाले. मीही हसले, पण त्या दिवशी खोलीवर येऊन भाकरी थापताना मला रडू आलं. अकरा वर्षं ज्या हातानं शिकवलं तोच हात आता आडवा येत होता.

यावर उपाय काढला तो शीतलनं.

शीतल माझ्याच खोलीत राहायची. अर्धापूरची, घरची केळीची बाग. भूगोलच तिचा विषय. बोलायला मोजकी, कामाला चोख. तिनं काय केलं, आपल्या वेणीचा रबर काढला, माझ्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि त्यांच्यावर तो रबर घट्ट चढवला.

"आता काढा गोदावरी."

गोदावरी एकच आली. सरळ, शहाणी. त्यानंतर प्रत्येक तासाला ती आपली वेणी सोडायची आणि रबर माझ्या हाताला बांधायची. तासभर तिचे केस तोंडावर यायचे, ती फुंकर मारून ते बाजूला करायची आणि मला सांगत राहायची, "न्हाई काकू, दोनदा टिचकी. दार वाजवायलाव का तुमी? हळू. झोपलेल्या लेकराला उठवतेत तसं." मी चुकले तर हसायची नाही. बाकीच्या हसायला लागल्या तर त्यांच्याकडं बघायची.

तिचा स्वतःचा पाठ तयार व्हायला लागला होता. विषय: आपल्या भागातलं पीक, केळी. मामाचा कॅमेरा मागून आणून तिनं आदल्या वर्षापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बागेत त्याच जागी उभं राहून एकाच झाडाचा फोटो काढला होता. कंद लावल्यापासून घड उतरेपर्यंत. एकामागून एक ते फोटो सरकले की पांढऱ्या फळ्यावर केळ आपल्या डोळ्यांसमोर वाढायची. पान उलगडायचं, केळफुलाचं जांभळं कमळ बाहेर यायचं, त्याच्या पाकळ्या गळायच्या. उंची कळावी म्हणून प्रत्येक फोटोत झाडाशेजारी तिचे वडील उभे. धोतर, टोपी, हात मागं बांधलेले. पहिल्या फोटोत झाड त्यांच्या घोट्याएवढं, शेवटच्या फोटोत त्यांच्या डोक्यावर सावली धरून. ते बघून सूर्यवंशी सर एवढंच म्हणाले, "लातूरला हाच जाणार."

लातूरच्या एका मोठ्या शाळेत दिवाळीच्या आधी आदर्श पाठ व्हायचा होता. आजूबाजूच्या संस्थांचे मुख्याध्यापक येणार, मागं बसून बघणार. कुणाला शिक्षक हवे असले तर तिथूनच नाव उचलणार. शीतलच्या घरात ती पहिलीच एवढी शिकलेली. वडिलांनी तिला एका वर्षाची मुदत दिली होती. नोकरीचं काही दिसलं तर ठीक, नाहीतर उन्हाळ्यात लग्न. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, भांडी घासता घासता, पाण्याचा आवाज मोठा असताना.

प्रोजेक्टरच्या खोलीची किल्ली वर्गातर्फे शीतलकडं असायची. अष्टमीला ती गावी निघाली तेव्हा किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, "काकू, दुसऱ्याला देऊ नका म्हणलेत सर. पर बागेत-बिगेत हरवली तर लई झंजट. तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

मी गावी गेले नव्हते. दसऱ्यानंतर माझाही पाठ त्या फळ्यावर होता. नवमीच्या सकाळी घरमालकीण आपल्या शिलाई मशीनची पूजा करताना मी पाहिली आणि मनात आलं, मालक तिकडं नांगर पुजत असतील, विळे पुजत असतील. माझं हत्यार कोणतं? ज्याच्यावर उद्या माझं पोट चालायचं ते कुठं आहे? आता मी प्रामाणिकपणे सांगते, त्यात भक्ती पैचीही नव्हती. मला त्या यंत्राची भीती वाटत होती आणि मी त्याला खूश करायला निघाले होते.

ताट घेतलं. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं, ऊद घालायला मातीच्या भांड्यात गोवरीचा निखारा. कॉलेजच्या फाटकावरच्या वॉचमनला वाटलं, ताई देवळातून आल्या. कुलूप उघडलं, मखमल दूर केली. पांढऱ्या फळ्याला हळदीकुंकू लावायला हात पुढं केला आणि थांबले. म्हटलं, फळा नुसता पांढरा, सगळा जीव तर ह्या काचेत आहे. म्हणून त्या गोल, निळसर झाक असलेल्या भिंगाच्या मधोमध अंगठा टेकवला. इतकं शोभून दिसलं! फूल वाहिलं, ऊद घातला, डोळे मिटून म्हणाले, माझी लाज राख.

मग हौस म्हणून बटण दाबलं. फळ्यावर तांबडा ढग आला.

पदरानं पुसलं. ढग मोठा झाला. पाण्यानं पुसलं, तो गुलाबी झाला. कुंकू त्या दिवसांत तेलकट मिळायचं. घाम फुटला तेव्हा डोक्यात एकच आलं, जे लहानपणापासून हाताला माहीत होतं. ज्याला डाग पडला त्याला राख. निखाऱ्याभोवतीची राख चिमटीत घेतली आणि घासलं. कुंकू गेलं. भिंग चमकलं. मी देवाचे आभार मानले, आवरण घातलं, कुलूप लावलं आणि खोलीवर येऊन पुरण शिजवलं. त्या बाईचा आत्मविश्वास बघा. भिंगाला बारीक ओरखडे पडले असतील हे तिच्या स्वप्नातही आलं नाही.

दसऱ्यानंतर कॉलेज उघडलं, त्या सकाळी मी किल्ली शीतलच्या हातात दिली. सर आत आले, यंत्र सुरू केलं. फळ्यावर अक्षरं आली, पण पाण्यात बुडाल्यासारखी. प्रत्येक अक्षराभोवती धुकं. सरांनी भिंग उजेडाकडं धरलं, बराच वेळ बघितलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "सुट्टीत किल्ली कुणाकडं होती?"

शीतलनं माझ्याकडं पाहिलं.

ते पाहणं मी तुम्हाला नीट सांगू शकत नाही. त्यात राग नव्हता. वर्गात एखाद्या पोराला उत्तर येत असतं आणि ते हात वर करत नाही, तेव्हा आपण बाई म्हणून जसं त्याच्याकडं बघत थांबतो, तसं ते होतं. थांबलेलं. मी समोरच्या बाकावर कुणीतरी कोरलेलं बदामाचं चित्र बघत बसले. बदामातून बाण गेलेला होता.

"माझ्याकडंच होती सर," शीतल म्हणाली.

मला अजून वाटतं, तिनं एवढं बोलून मला आणखी थोडा वेळ दिला होता. मी तो घेतला आणि वापरला नाही. संध्याकाळी खोलीवर तिनं काही विचारलं नाही. दोघी जेवलो. तिनं मला वरण वाढलं. मी म्हणाले, "मीठ कमी झालंय गं." काही नाही सुचलं की मी स्वयंपाकाला नावं ठेवते.

दोन दिवसांनी सरांनी जाहीर केलं, ज्या मुलीला एक किल्ली सांभाळता येत नाही तिला कॉलेजच्या नावानं लातूरला पाठवता येणार नाही. पाठ ताई घेतील. ताई जबाबदार आहेत. विषय तोच, कारण तयार तोच आहे. स्लाइड शीतलच्याच वापराव्यात.

आता तरी त्या बाईनं उठावं की नाही? तिनं उठून काय म्हटलं असेल? ती म्हणाली, "सर, मला जमेल का?" आणि सर म्हणाले, "जमेल ताई." आणि तिला, मी तुम्हाला काय सांगू, तिला बरं वाटलं. अकरा वर्षं बिनपगारी रजा, बिनकायम, बिनप्रशिक्षित अशा शब्दांत राहिलेल्या बाईला कुणीतरी जबाबदार म्हटलं होतं. राखेची गोष्ट मी हसत सांगते. हे बरं वाटणं मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही.

मनाशी मी हिशेब मांडत राहिले. सांगितलं तर माझा पाठ जाईल, संस्था काढून टाकेल, सासू म्हणेल हेच करायला गेली होतीस का. शीतल लहान आहे, तिला पुढं शंभर संधी मिळतील. रोज सकाळी ठरवायची, आज सांगू; आणि रोज सर मला वर्गाबाहेर थांबवून पाठाची तयारी विचारायचे, आणि मी तयारी सांगायची. शीतल मात्र पूर्वीसारखीच माझ्या हाताला रबर बांधत होती. एकदाच म्हणाली, "सातव्या फोटोपाशी जरा थांबा, काकू. कमळ निघताना पोरं वरडतेत."

लातूरला आम्ही सगळे एस.टी.नं गेलो. सोयाबीनच्या गंजी दोन्ही बाजूंना, हवेत तो भुसा, खिडकीच्या काचेवर पिवळी धूळ. शाळेचा हॉल गच्च भरलेला. पुढं सातवीची पोरं, मागं मुख्याध्यापक लोक, मांडीवर वह्या. फळा आमच्यासारखाच, पण भिंग धडधाकट. मी फळ्यापाशी उभी. स्लाइड पुढं सरकवायला लॅपटॉपजवळ शीतल, कारण ते मला अजून धड येत नव्हतं. केस मोकळे, कारण तिचा रबर माझ्या हाताला.

पाठ उत्तम झाला. तो वाईट व्हायला हवा होता, पण उत्तम झाला. मी बोलत होते, केळ वाढत होती. सातव्या फोटोला पोरं खरंच ओरडली. मुख्याध्यापक वह्यांत काहीतरी लिहीत होते. आणि मग दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"बाई, प्रत्येक फोटोत ते आजोबा कोण हायेत?"

मला एवढंच म्हणायचं होतं, ते ह्या ताईंचे वडील आहेत. हे सगळं ह्या ताईंचंच आहे. दोन वाक्यांचं काम. पण तसं म्हटलं असतं तर मागून कुणीतरी विचारलं असतं, मग पाठ त्याच का घेत नाहीत? मी हसून म्हणाले, "ते ना? ते एक शेतकरी आहेत."

पुढची स्लाइड आली नाही. मी वळून पाहिलं. शीतलचं बोट बटणावर होतं आणि नजर फळ्यावर, धोतर नेसलेल्या त्या माणसावर. मग तिनं फुंकर मारून केस बाजूला केले आणि बटण दाबलं.

शेवटी टाळ्या झाल्या. यंत्रातल्या नव्हत्या, खऱ्या होत्या. मला शाल आणि नारळ मिळाला.

त्यानंतर काय काय झालं ते आता भराभर सांगून टाकते, कारण त्यात माझं कौतुक करण्यासारखं फार थोडं आहे. सरांना मी त्याच दिवशी परतीच्या एस.टी.त सांगितलं. उभ्यानं, वरचा दांडा धरून, सगळ्या पोरींना ऐकू जाईल असं. कुंकू, राख, किल्ली, सगळं. चाकूरला माझं तिकीट संपत होतं. स्टँडवर मालक मोटरसायकल घेऊन उभे होते. मी खिडकीतूनच ओरडले, "नांदेडला जाऊन येते!" ते तोंड उघडं टाकून बघत राहिले. अहमदपूर आलं तेव्हा सर मागं वळले. मग म्हणाले, "ताई, हेच सकाळी सांगितलं असतं तर?"

दुसऱ्या दिवशी सरांनी भर वर्गात शीतलची माफी मागितली. लातूरच्या एका संस्थेनं माझं नाव लिहून घेतलं होतं. मी पत्र पाठवून सगळं कळवलं आणि लिहिलं की हा पाठ जिचा आहे तिला बोलवा. त्यांनी कुणालाच बोलावलं नाही. जागा तिसऱ्याच माणसाला गेली. त्या उन्हाळ्यात शीतलचं लग्न झालं. पत्रिका आली, वर तिच्या अक्षरात 'काकूंना' असं लिहिलेलं. मी घरात आजारपण आहे असं कळवलं आणि गेले नाही. आजारपण नव्हतं. पुढं चार वर्षांनी तिला किनवटकडच्या एका शाळेत नोकरी लागल्याचं कानावर आलं. त्या रात्री मला झोप लागली. पण तिची ती चार वर्षं मी मोजली आहेत, आणि ती भरून देता येत नाहीत. मी मात्र चाकूरच्याच शाळेत शिकवत राहिले, पांढऱ्या फळ्यावर, लॅपटॉपवर, पुढं मोबाइलवरसुद्धा. आणि यंदा सन्मानानं निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात एक तरुण मास्तर म्हणाला, बाईंनी आम्हाला तंत्रज्ञान शिकवलं. मी खाली मान घातली. सगळ्यांना वाटलं, नम्रता.

एस.टी.त मी उभी राहिले म्हणून सांगितलं, पण आपणहून उभी राहिले नव्हते. ते सांगायचं राहिलं.

लातूर सोडलं तेव्हा उन्हं कलली होती. शीतल खिडकीशी, मी तिच्या शेजारी, मांडीवर शालीत गुंडाळलेला नारळ. सर पुढं बसले होते आणि मुख्याध्यापकांनी काय काय म्हटलं ते शेजारच्या माणसाला सांगत होते. शीतल बाहेर बघत होती. आष्टामोड आलं. चाकूर आता पंधरा-वीस मिनिटांवर. तिथं मी उतरणार, मालकांच्या मागं बसून घरी जाणार, सासूला शाल दाखवणार. मांडीवरचा तो नारळ मला जड व्हायला लागला. ते ओझं कमी करावं एवढाच माझा हेतू होता, हेही कबूल करते. तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. मी तिचा हात हातात घेतला आणि कुजबुजत सगळं सांगितलं. कुंकू कसं लावलं, राख कशी घेतली, घाबरले कशी. सांगता सांगता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला वाटलं, आता ही म्हणेल, जाऊ द्या काकू. ती माझा हात दाबेल. मग मी हलकी होऊन चाकूरला उतरेन.

शीतलनं हात सोडवून घेतला नाही. दाबलाही नाही. माझं सगळं ऐकून घेतलं, पुढं सरांच्या पाठीकडं पाहिलं, आणि मग नेहमीच्याच आवाजात, टिचकी कशी मारायची ते सांगायची त्याच आवाजात, ती म्हणाली:

"मला कशाला सांगायलाव, काकू? मी केलं न्हाई, हे मला तर पैल्या दिवसापास्नं माहीत हाय. ज्यांना माहीत न्हाई ते दोन शिटा पुढं बसलेत."